शिल्लकेचा रकाना

आई "असेल" म्हणाली आणि परत मटार सोलायला लागली. भांडण नाही, रुसवा नाही, आवाजसुद्धा चढला नाही. तरी तो शब्द पुढचे दहा-बारा दिवस मला चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. झालं होतं ते इतकंच. जानेवारीतला रविवार, ठाण्यात पाचपाखाडीतलं आमचं घर, सकाळचे साडेदहा. आई वर्तमानपत्र पसरून जमिनीवर बसली होती, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. मटारावरून तिला माहेर कसं आठवलं कोण जाणे. माहेर कऱ्हाडजवळचं, कृष्णाकाठचं, घरचा ऊस. म्हणाली, "तुझ्या बाबांनी आमच्या गुऱ्हाळाचं लिहून ठेवलंय बघ वहीत. काढ की जरा. तुझ्या त्या कॉम्प्युटरात आहे ना सगळं?" आहेच सगळं. मी शोधाच्या चौकटीत "गुऱ्हाळ" टाइप केलं, एंटर मारला. काही नाही. एकच शब्द, एकदाच. आणि मान वर न करता म्हणाले, "नाहीये गं. गुऱ्हाळाबद्दल बाबांनी काही लिहिलेलंच नाही. तुला दुसरं काहीतरी आठवत असेल."

"असेल," आई म्हणाली.

यातली खरी गोम सांगायची तर मला थोडं मागे जावं लागेल. गेल्या दिवाळीपासून मी मनातल्या मनात एक यादी करत होते. गॅसवर करपलेलं दूध, एकदा. चष्मा कपाळावर आणि शोधाशोध घरभर, दोनदा. शेजारच्या वहिनींना त्यांच्या सुनेच्या नावानं मारलेली हाक. आई शहात्तर वर्षांची आहे. या वयात एवढं होतंच असं मी स्वतःला सांगायचे आणि तरी यादी वाढवायचे, गुपचूप, तिला कळू न देता. त्या रविवारी मी त्या यादीत गुऱ्हाळ घातलं.

आता वह्यांबद्दल. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट-बोल्टांपासून बेअरिंगांपर्यंत प्रत्येक वस्तूला एक खण, खणाला नंबर, खणावर लटकणारं कार्ड आणि त्या कार्डावर आवक, जावक, शिल्लक. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जग तसंच दिसायला लागत असावं. ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ते तशाच लांबट रजिस्टरात करत. काळा पुठ्ठा, लाल कापडी पाठ, आत निळ्या रेघा. पुस्तक आणलं ती तारीख आवक, परत केलं ती जावक, आणि शेवटच्या मोठ्या रकान्याचं नाव शिल्लक. त्यात वाचून काय उरलं ते लिहायचं. एक ओळ, फार तर दोन. १९७६ ते २०१४, चौदा वह्या. पुस्तकं सगळी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातली. ते १८९३ सालचं. "आपल्या स्टेशनापेक्षा चाळीसच वर्षांनी लहान," असं बाबा पाहुण्यांना जरा रुबाबात सांगत, जणू दोन्हींच्या पायाभरणीला हे स्वतः हजर होते.

शेरे मात्र बघण्यासारखे. "शिल्लक: शून्य." "शिल्लक: एक म्हातारी आणि तिची कोंबडी. बाकी आठवत नाही." "अर्धं वाचून परत. माल सदोष." "दुसऱ्यांदा आणलं. पहिल्या वेळी मीच कच्चा होतो." एका मोठ्या नावाच्या कादंबरीपुढे नुसतं "वजन जास्त, माल कमी" असं आहे. पुस्तकांची नावं मी इथे देत नाही. ज्यांच्यावर हे शेरे आहेत त्यांतल्या काहींच्या आज जयंत्या साजऱ्या होतात, आणि मला या घरात राहायचंय.

बाबा गेले आणि आई चौदा वह्यांची ट्रंक घेऊन माझ्याकडे राहायला आली. वह्यांना वाळवी लागायच्या आत त्या संगणकावर आणायच्या असं मी ठरवलं. माझ्यासारखी माणसं दुःखाचं दुसरं काय करणार? आधी स्कॅन करून बघितलं. छापील मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट नावाचं एक मोफत साधन आहे. मूळ ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतलं, १९८५ ते १९९४ या काळात घडलेलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं. छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. बाबांचं अक्षर त्यानं पाहिलं आणि तमाशातल्या सोंगाड्यासारखं काहीही बोलायला लागलं. मग हातानंच टाइप करायचं ठरलं.

माझं ऑफिस ऐरोलीला. नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची नाहीतर पनवेलची गाडी, लेडीज डबा, दाराजवळचा कोपरा. ही लाइन २००४ साली सुरू झाली. त्याआधी बसनं जाणाऱ्यांच्या कंबरेला विचारा काय सुख आहे ते. ऐरोली येईपर्यंत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये वहीच्या पानाचा फोटो आणि अंगठ्यानं टाइप. शेजारी कुणी शेवग्याच्या शेंगा मोडून पिशवीत भरतेय, कुणी पोथीचा राहिलेला अध्याय पुटपुटतेय, क्लिपा-पिना विकणारी पोर दोन्ही हात पसरून मधून वाट काढतेय. डावीकडे पारसिकचा डोंगर पळतो. एका प्रवासात तीन-चार नोंदी. अशा पहिल्या पाच वह्या झाल्या. मग टाळेबंदी आली, गाडी बंद, ऑफिस घरात, आणि उरलेल्या नऊ वह्या मी लॅपटॉपवर, इनस्क्रिप्टच्या कळफलकावर, दहाही बोटांनी धाडधाड उतरवल्या. सगळं एकाच साध्या फाइलमध्ये. ना रंग, ना ठळक अक्षरं. साध्या मजकुरावर माझा फार जीव आहे. तीस वर्षांपूर्वीची तशी फाइल आजही उघडते.

उघडत नाही ते कसं असतं, तेही माझ्याकडे आहे. २००१ साली पहिल्या नोकरीसाठी बंगळुरूला होते तेव्हा बाबांना पत्रं टाइप करून, छापून, पोस्टानं पाठवायचे. हातानं लिहायचं सोडून हे थेर कशासाठी? तर नवी नवलाई. तेव्हाचा मराठी फाँट म्हणजे नुसता मुखवटा असे. आत रोमन अक्षरं आणि आकडेच, वरून फाँट त्यांना मराठीची सोंगं चढवायचा. तो फाँट गेला आणि पत्रांचा भुगा झाला. आज फाइल उघडली की चित्रविचित्र चिन्हांचा सडा दिसतो, "ती. बाबांस" कुठे आणि "तुमची" कुठे, काही पत्ता लागत नाही. छापलेले कागद तेवढे सातव्या वहीत घडी घालून ठेवलेले सापडले. बाबांनी त्यांचीही आवक लिहिलीय. जावक अर्थातच नाही.

शोधण्याकडे येते. मी वापरते ते शोधायचं साधन म्हणजे ग्रेप. केन थॉम्प्सन यांनी १९७० च्या दशकात लिहिलेला छोटासा प्रोग्राम. नाव त्याहून जुन्या एका संपादकातल्या आज्ञेवरून पडलेलं. आमच्या धंद्यात तो विळीसारखा असतो, रोज हाताशी, रोज धारदार. त्याचा एक स्वभाव आहे. शब्द सापडला तर तो ती ओळ दाखवतो. नाही सापडला तर तो गप्प राहतो. "नाही" असंसुद्धा म्हणत नाही, फक्त पुढची रिकामी ओळ देतो. आतल्या आत मात्र एक आकडा परत करतो: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, आणि वाटेत काही बिघाड झाला, फाइलच उघडली नाही वगैरे, तर २. इतक्या जुन्या माणसांनी इतकं बारकाईनं वेगळं करून ठेवलंय, याचं मला नव्यानं शिकणाऱ्या मुलांना सांगताना केवढं कौतुक असायचं. त्या रविवारी तो १ म्हणाला होता. म्हणजे "मला सापडलं नाही". आईपर्यंत पोचेतो त्याचं "बाबांनी लिहिलेलंच नाही" झालं, आणि ते ग्रेपनं केलं नव्हतं.

मी वाचते कशी, हाही प्रश्न आहेच. दिवसभर वाचतच असते म्हणा ना. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा निरोप, गाडीत समोरच्या बाईच्या पिशवीवरची जाहिरात, ऑफिसात रात्री पडलेल्या सर्व्हरच्या हजारो ओळींच्या नोंदी, लोकांच्या तक्रारी, दुसऱ्यानं लिहिलेला कोड, आणि तो का लिहिला असावा याबद्दल त्याच्याच तिरसट टिपा. बाबा भेळ संपल्यावर कागद उलगडून वाचायचे, तेलाचे डाग उजेडाकडे धरून. मी तसं काही वाचत नाही. माझ्याकडे "नंतर वाचू" म्हणून साठवलेल्या लेखांची यादी आहे, तिनं हजाराचा आकडा केव्हाच ओलांडला. त्यातलं काही लागलं तर शोधते, हवी ती ओळ उचलते, मिटते. पान उलटताना नको असलेलं काहीतरी डोळ्यांखालून जातं, ते आता जात नाही. सर्व्हरच्या नोंदी अशाच वाचायच्या असतात, त्यात चूक काही नाही. पण वडिलांच्या वह्याही मी तशाच हाताळत होते, हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

लक्षात आलं ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दिघा गाव आणि ऐरोलीच्या मधे कुठेतरी. ऑफिसातली एक मैत्रीण भाड्याचं घर बदलून घणसोलीला जायची होती आणि सामानाच्या खोक्यांनी वैतागली होती. तिला सांगायला म्हणून मी आमची बिऱ्हाडं मोजत होते: चरईतलं, खारकर आळीतलं, मग नौपाड्यातलं. बाबांनी प्रत्येक वेळी नोंद केली होती, कारण सामानाच्या गडबडीत पुस्तक उशिरा परत जाई आणि दंड बसे. फोनमध्ये तीच फाइल, "बिऱ्हाड" शोधलं. दोन नोंदी आल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वहीतल्या. नौपाड्याची आलीच नाही. ती मात्र मला पक्की आठवत होती, कारण टाइप करताना हसू आलं होतं: "बिऱ्हाड हलवलं. दंड २ रुपये. टेम्पोवाल्यापेक्षा ग्रंथपाल स्वस्त." आठवी वही. आहे म्हणजे आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप उघडला. "बिऱ्हाड." एकच नोंद आली. नौपाड्याची. फोनवर दिसलेल्या दोन्ही गायब.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात मीच उघडी पडले. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचा एक परिच्छेद टाळला तरी चालेल, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. र ला हलंत देऊन, म्हणजे त्याचा पाय मोडून, पुढे अक्षर लिहिलं की रफार होऊन तो त्याच्या डोक्यावर चढतो: दर्या, आचार्य. मराठीचं तेवढ्यावर भागत नाही. तिला दऱ्याही लागतात. "आचार्यांना वाढा" आणि "आचाऱ्यांना वाढा" यांत पंगतीला कोण बसणार ते बदलतं. हिंदीला ही अडचण नाही. आपल्याला आणि नेपाळीला आहे. शाळेत आमच्या बाई त्याला आडवा र म्हणायच्या, इंग्रजीत त्याला चक्क पापणी म्हणतात, आणि दिसतोही तसाच. आता ही पापणी संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एक आकडा ठरवून देणारं प्रमाणक. एक जुना मार्ग, त्याच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळचा आणि अजून चालू ठेवलेला: साधा र, हलंत, आणि त्यामागे एक अदृश्य जोडक, ज्याची रुंदी शून्य. दुसरा मार्ग, ज्याची आता शिफारस असते: नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिलेला ऱ, मग हलंत. हा ऱ मुळात आपल्यासाठी आलेलाच नाही. युनिकोडनं भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय प्रमाणकावरून घेतली. तिच्यात सगळ्या लिप्यांना सारखेच खण, एकाखाली एक. तमिळच्या रखरखीत र चा जो खण, त्याच जागी देवनागरीत हा ऱ बसवला, द्राविडी शब्द देवनागरीत लिहिता यावेत म्हणून. त्याचा अर्धा भाग मराठीनं पापणीसाठी उसना घेतला. बाबांना हे फार आवडलं असतं. खण दुसऱ्याचा, माल आपला.

माझ्या फोननं पाचही वह्यांत जुनी पापणी घातली होती. लॅपटॉपवर मी शिफ्ट दाबून ऱ काढत होते, तर तिथे नवी. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारख्या. ग्रेप आकार बघत नाही, आकडे बघतो; त्याच्या लेखी "गुऱ्हाळ" हे दोन निरनिराळे शब्द, जसे ऊस आणि कापूस. म्हणजे पाच वह्या फोनला दिसत होत्या, नऊ लॅपटॉपला. सगळ्याच शब्दांत नाही, फक्त पापणी असलेल्या शब्दांत. पण असे शब्द कोणते बघा: दुसऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, म्हाताऱ्या, बिचाऱ्या, बऱ्याच, तऱ्हा, वऱ्हाड. आणि ॲ चंही असंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून वेळ मारून नेत, काही कळफलक अजून नेतात. युनिकोडकडे असली जुळवाजुळव करायची एक सोय आहे, पण ती या दोन पापण्यांना एक मानत नाही. ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्वतः करायचं.

आणि मी ते केलंय. पगार घेऊन केलंय! काही वर्षांपूर्वी एका कामात अर्जदारांची मराठी नावं दोन याद्यांमध्ये जुळवायची होती. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी आडनावं जुळेनात, आणि त्या लोकांच्या अर्जांपुढे "नोंद आढळत नाही" असं छापून जाई. दोन दिवस डोकं लावून मी कारण शोधलं, दोन्ही पापण्या एक करणारा नियम लिहिला, मग पुढच्या बैठकीत पंधरा जणांना फळ्यावर दर्या आणि दऱ्या काढून समजावलं. टाळ्या नाही पडल्या, पण चहा चांगला आला होता. तेव्हा त्या अर्जदारांबद्दल मला केवढा कळवळा: माणूस समोर उभा आहे, कागद हातात आहे आणि यंत्र म्हणतंय तुम्ही नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरात आई समोर बसली होती, मटार सोलत, आणि तिला "तुला दुसरं काहीतरी आठवत असेल" म्हणताना मला फळा आठवला नाही.

त्याहून वाईट गोष्ट रात्री झोप लागेना तेव्हा सुचली. पापणीचं जाऊ द्या. चौदाच्या चौदा वह्या मी टाइप केल्यात. अक्षर न अक्षर माझ्या बोटांखालून गेलंय. गुऱ्हाळाची नोंद असेल तर ती कधीतरी मीच दांडीला लोंबकळत अंगठ्यानं उतरवली असणार. मग मला ठाऊक कशी नव्हती? आईनं त्या वह्या कधी टाइप केल्या नाहीत. तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी एका ओळीची आज्ञा देऊन सगळ्या फाइलभर पापण्या एकसारख्या करून टाकल्या. दोन सेकंदही लागले नाहीत. मग "गुऱ्हाळ" शोधलं. तीन नोंदी, तिन्ही पहिल्या पाच वह्यांतल्या. दोन वाचून हसूच आलं, एका वैचारिक ग्रंथापुढे "शिल्लक: चर्चेचं गुऱ्हाळ" आणि दोन वर्षांनी दुसऱ्यापुढे "पुन्हा गुऱ्हाळ. गूळ नाही." तिसरी मात्र तीच असणार असं वाटलं. १९८३, तिसरी वही: "गुऱ्हाळाचं वर्णन चांगलं. वाचताना हिच्या माहेरच्या काकवीचा वास आला." मी लॅपटॉप तसाच उचलून स्वयंपाकघरात नेला. आई मेथी निवडत होती. म्हटलं, "आई, सापडलं गं. माझंच चुकलं होतं. तू म्हणालीस ते होतं." आणि वाचून दाखवलं. आवाज जरा कापरा झाला होता माझा, कबूल करते. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली, ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि म्हणाली, "हे नव्हे."

"म्हणजे?"

"हे त्या पुस्तकातलं गुऱ्हाळ. त्यांनी आमचं लिहिलं होतं. काहिलीचं. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा गुळव्यानं त्यांना मळी काढायला उभं केलं, आणि यांचा चष्मा वाफेनं धुरकटला. रसात भेंडी कशाला घालतात म्हणून विचारत होते त्याला. ठाण्याचा माणूस! सगळे हसले. ते लिहिलंय."

काहील, मळी, गुळव्या, वाफ, चष्मा, भेंडी. सगळं शोधलं, उभ्या उभ्या. चष्म्याच्या सात नोंदी आल्या, सगळ्या नंबर वाढल्याच्या. बाकी गप्प. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "वह्याच काढू या."

ट्रंक पलंगाखालून ओढून काढली तेव्हा तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. आतून डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या कागदाचा आणि कशाचा तरी आंबूस वास आला. तो टाइप करताना वापरलेल्या फोटोंना नव्हता. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बसतो. आई वाचते, मोठ्यानं, बोट ओळीवरून फिरवत. पुस्तकांत तिला रस नाही. ती तारखा वाचते. आवक १२ जुलै, जावक ३० जुलै, आणि लगेच, "अगो, हे एवढे दिवस का राहिलं ते सांगू? तुला गोवर आला होता." एका नोंदीवर थांबून म्हणाली की त्या आठवड्यात बाबांना रात्रपाळी होती, अक्षर बघ कसं उतरतं गेलंय. खरंच उतरतं गेलेलं आहे. फाइलमध्ये सगळी अक्षरं सारखीच सरळ उभी. एका पानावर हळदीचं बोट उमटलंय, ते कुणाचं यावर आमचा वाद झाला. करपलेल्या दुधाची माझी ती यादी मी अजून पुसलेली नाही, भीती काही गेलेली नाही. पण ज्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीच्या गोवराचा आठवडा तोंडपाठ आहे तिच्याबद्दल नक्की काय मोजायचं, ते मला आता कळेनासं झालंय.

गुऱ्हाळ अजून सापडलेलं नाही. आम्ही चौथ्या वहीत आहोत, आई घाई करू देत नाही. मधली पानं सोडून पुढे बघू म्हटलं तर हात धरते.

परवा रात्री ती एका ओळीवर थांबली. आवक ९ जून १९८४. जावक रिकामी. मी फाइल उघडून पाहिली. तिथे मी आडवी रेघ मारून पुढे गेले होते. पुढे अनेक पानं उलटून पाहिली, परतीची तारीख कुठेच नाही. बाबांच्या, आणि जावक नाही! कंपनीचा एक वॉशर कमी भरला तर रात्री उशिरापर्यंत खण उपसत बसणारा माणूस. शिल्लकेच्या रकान्यात एकच शब्द होता: "पुस्तक."

"हे काय गं?" मी विचारलं.

"पैसे भरून आले त्याचे, दंडासकट," आई म्हणाली. "पण दिलं नाही." मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि वर माळ्याकडे हात केला. "पितळी घंगाळात बघ. जुन्या साडीत गुंडाळलंय. उद्या उतरव. आत्ता नको, आत्ता धूळ पडेल सगळी."